स्टेम सेल की पंप-सेन्सर: मी त्या फॉर्मवर सही का केली नाही

दोन वर्षांपूर्वी मी एका स्टेम सेल क्लिनिकचा फॉर्म पूर्ण भरला होता, फक्त सही बाकी होती. टाइप वन डायबेटिस होऊन तेव्हा मला पंधरा वर्षं झाली होती, दिवसाला चार-पाच वेळा पेनने इन्सुलिन, दंडावर शुगर मोजणारा सेन्सर, आणि त्या वर्षी रात्रीचे हायपो, म्हणजे शुगर फार खाली जाणं, इतके वाढले होते की बायको अलार्म लावून मधेच उठायची आणि मला हलवून बघायची. अशा दिवसांत कोणी म्हणालं की एकदा सेल दिल्या की इन्सुलिन कमी होतं, काहींचं तर बंदच होतं, तर माणूस ऐकतोच. मीही ऐकलं. दुसरीकडे माझे नेहमीचे डॉक्टर सेन्सरला जोडून आपोआप चालणारा इन्सुलिन पंप घे म्हणून मागे लागले होते. दोन्ही एकदम करणं खिशालाही जमणार नव्हतं आणि मनालाही, त्यामुळे एक काहीतरी ठरवावं लागलं. मी पंप घेतला. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. आज ज्यांच्यासमोर हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मला तेव्हा दोन्ही बाजू नीट सांगणारं कोणी भेटलं नाही, जो भेटला तो एकतर क्लिनिकचा माणूस होता नाहीतर स्टेम सेल म्हटलं की पुढचं ऐकूनच न घेणारा.

बेसल (दिवसभर थोडं थोडं लागणारं इन्सुलिन) आणि बोलस (खाण्याआधीचा डोस) यापलीकडे खोलात सांगत बसत नाही, हे वाचणाऱ्या बहुतेकांना ते माहीत असणारच. मी डॉक्टर नाही हेही आधीच सांगतो. जे लिहितोय ते माझ्या अनुभवावरून आणि त्या काळात जे वाचून काढलं त्यावरून, तुमचं शरीर वेगळं, तुमची परिस्थिती वेगळी.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण माझे तीन-चार महिने त्यातच गेले. स्टेम सेल थेरपी हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात. एक म्हणजे क्लिनिकमध्ये मिळते ती. चरबीतून, बोन मॅरोमधून किंवा बाळाच्या नाळेतून काढलेल्या मेझेनकायमल नावाच्या सेल असतात, त्या सलाईनसारख्या शिरेतून सोडतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी पाठवतात. दुसरी म्हणजे स्टेम सेलपासून लॅबमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या आयलेट पेशी तयार करून त्या शरीरात सोडणं. पेपरात मोठ्या बातम्या येतात त्या या दुसऱ्या प्रकाराच्या, आणि आपल्याला फोन करून विकली जाते ती पहिली. मला क्लिनिकमध्ये जी फाईल दाखवली तिच्यात तीन बातम्यांची कात्रणं होती, तिन्ही दुसऱ्या प्रकाराची, आणि फॉर्म मात्र पहिल्या प्रकाराचा. हे मला घरी आल्यावर कळलं, तिथे बसलेलो असताना नाही.

पहिल्या प्रकाराबद्दल वाईटच बोलायचं असं मी ठरवलेलं नाही. या मेझेनकायमल सेल स्वतः बीटा पेशी, म्हणजे आयलेटमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, होत नाहीत, दावा असा आहे की त्या इम्युनिटीला जरा शांत करतात आणि सूज कमी करतात. शिरेतून दिल्या की त्यातल्या बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात, हेही माहीत असलेलं आहे. तरी पण काहीच होत नाही असं म्हणता येणार नाही. स्वीडनमध्ये उप्सालाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास छापला होता, नुकताच टाइप वन झालेले २० प्रौढ, त्यातल्या काहींना त्यांच्याच बोन मॅरोच्या सेल दिल्या, आणि वर्षभरानंतर त्यांची स्वतःची इन्सुलिन बनवायची ताकद न दिलेल्यांपेक्षा बरी टिकलेली दिसली. पण यातले दोन शब्द बघा, "नुकताच" आणि "टिकलेली". ज्याच्याकडे अजून थोड्या बीटा पेशी शिल्लक आहेत त्याच्या त्या वाचवायचा तो प्रयत्न होता. माझ्याकडे पंधरा वर्षांनी वाचवण्यासारखं काय राहिलं होतं, हा प्रश्न मला क्लिनिकमध्ये कोणी विचारलाच नाही.

तिथे ब्राझीलचा पण दाखला दिला होता. तो खरा आहे. २००७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी १५ नवीन पेशंटवर केलेलं काम छापून आलं आणि त्यातले १४ जण काही काळ इन्सुलिनशिवाय राहिले. पण ती सलाईन लावून संध्याकाळी घरी जायची गोष्ट नव्हती. आधी केमोथेरपीतली औषधं देऊन इम्युनिटी जवळजवळ पुसून टाकायची आणि मग स्वतःच्याच रक्तातल्या स्टेम सेल परत द्यायच्या असा तो प्रकार, काहींना त्यात न्यूमोनिया झाला, काही पुरुषांचे स्पर्म काउंट घसरले, आणि पुढे बऱ्याच जणांना पुन्हा इन्सुलिन सुरू करावं लागलं. फाईलमध्ये फक्त "१५ पैकी १४" एवढंच लिहिलेलं.

हे सगळं कळूनसुद्धा मी सही केली असती. खरंच सांगतो, केली असती. रात्री दोन वाजता घामाने भिजून उठणाऱ्या माणसाला अभ्यासातल्या त्रुटी दिसत नाहीत, त्याला फक्त यातून सुटायचं असतं. मला अडवलं ते एका अगदी छोट्या गोष्टीने, आणि ती छोटी होती म्हणूनच ती जास्त खटकली.

फॉर्मसोबत मला एक तक्ता दिला होता, आधीचा महिना आणि नंतरचे सहा महिने भरायचा. त्यात रकाने होते रोजचं एकूण इन्सुलिन किती युनिट, उपाशीपोटी शुगर, वजन, आणि "कसं वाटतं" ला पाचपैकी मार्क. सी-पेप्टाइडचा, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय का हे सांगणाऱ्या टेस्टचा, रकाना नव्हता. मी विचारलं, सी-पेप्टाइड कधी करायची? समोरच्या काउन्सेलर बाई म्हणाल्या त्याची गरज नसते, आपण डोस किती कमी होतो ते बघतो. मला वाटलं त्यांना माहीत नसेल, म्हणून डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले पेशंटला बरं वाटणं महत्त्वाचं, आकड्यांच्या मागे लागू नका. घरी येऊन मेसेज केला की मी माझ्या खर्चाने आधी आणि नंतर सी-पेप्टाइड करून घेतो, तुम्ही फक्त फाईलला लावा. त्यावर उत्तर आलंच नाही. दोन दिवसांनी आला तो सही कधी करताय विचारणारा फोन.

ज्यांना या टेस्टचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयात याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा आधी एक लांब साखळी बनते, ती तुटून इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड असे दोन तुकडे होतात, जितकं इन्सुलिन तितकंच सी-पेप्टाइड. आपण टोचून घेतो त्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणजे रक्तात सी-पेप्टाइड सापडलं तर ते तुमच्याच बीटा पेशींचं, नाही सापडलं तर तुमच्या पेशी काही बनवत नाहीत, मग डोस कितीही कमी झालेला असू दे. उपाशीपोटी एकदा आणि ठरलेलं काहीतरी पोटात गेल्यावर एकदा, असं दोन्ही बघितलं तर आणखी स्पष्ट होतं. साधी रक्ताची टेस्ट आहे. ज्या थेरपीचा दावाच "तुमचं स्वतःचं इन्सुलिन परत सुरू होईल" असा आहे त्यांनी नेमकी तेवढीच एक टेस्ट टाळावी, हे माझ्या मनातून काही केल्या जाईना.

कोणी म्हणेल डोस कमी झाला ना, मग झालं तर. इथे माझा स्वतःचाच अनुभव सांगतो. त्या तक्त्यातला "आधीचा महिना" मी इमानदारीत भरायला घेतला होता. रोज लिहायचं म्हटल्यावर मी आपसूकच कार्ब (खाण्यातले कार्बोहायड्रेट) नीट मोजायला लागलो, वाढलेली शुगर उतरवायला अंदाजाने मारायचे करेक्शन डोस बंद झाले, संध्याकाळी चाळीस मिनिटं चालणं सुरू झालं कारण तक्त्यात वजनाचा रकाना होता आणि तो बरा दिसावा असं वाटायचं. महिन्याच्या सुरुवातीला माझं दिवसाचं इन्सुलिन ४८ युनिटच्या आसपास होतं, महिनाअखेर ३९. एकही सेल शरीरात न जाता! आणि क्लिनिकमध्ये मला जो फायदा सांगितला होता तो जवळपास तेवढाच होता, बऱ्याच जणांचा पाचवा हिस्सा तरी कमी होतो म्हणून. समजा मी महिनाभर आधी सही करून सेल घेतल्या असत्या तर आज मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगत फिरलो असतो की मला फरक पडला, आणि मला ते मनापासून खरं वाटलं असतं. हा विचार आला तेव्हा मी फॉर्म बाजूला ठेवला.

नव्याने टाइप वन झालेल्यांनी तर यात फारच सांभाळून राहावं असं मला वाटतं. सुरुवातीला इन्सुलिन चालू केल्यावर काही महिने डोस आपोआप खाली येतो, त्याला हनिमून पिरियड म्हणतात, आणि त्या काळात जे काही घ्याल त्याचा गुण आला असंच दिसतं. लहान मुलांचे आईवडील याच काळात सगळ्यात जास्त हवालदिल असतात आणि नेमके याच काळात त्यांना असले फोन येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. (घरात एकाला टाइप वन असेल आणि दुसऱ्या भावंडाच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह असून शुगरही थोडी बिघडायला लागलेली असेल तर टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, २०२२ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली आहे, आजार सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलला जातो. तो वेगळा विषय आहे पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

आणि "आपल्याच सेल आहेत, नुकसान तर होणार नाही ना" हे वाक्य. हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये २०१५ मध्ये तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या सेल टोचल्या होत्या, तिघींची नजर जवळजवळ गेली, २०१७ मध्ये ते मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. डोळ्यात टोचणं आणि शिरेतून देणं यात फरक आहे हे मला मान्य आहे, पण आपल्याच सेल म्हणून सुरक्षित हा युक्तिवाद काही त्यानंतर मला पटत नाही.

आता पंपाकडे येतो, आणि त्याचंही सगळं गोड सांगणार नाही.

पहिली गोष्ट, पंप म्हणजे बरं होणं नाही. कार्ब मोजावे लागतातच, खाण्याआधी बोलस द्यावाच लागतो, कंपन्या ऑटोमॅटिक म्हणतात तो आपोआपपणा बेसल आणि लहानसहान करेक्शनपुरता आहे. सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालचं पाणी मोजतो, म्हणून तो पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो आणि शुगर झपाट्याने पडत असेल तर ती पंधरा मिनिटं फार लांब वाटतात. सेन्सरच्या कुशीवर झोपलात तर दाब येऊन तो उगाचच ५२ दाखवतो आणि घरातले सगळे उठतात, बोटातून रक्त काढून बघावं तर ११०. पहिले दोन महिने मी यानेच वैतागलो होतो, मग सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला जरा वर लावायला लागलो आणि ते बरंच कमी झालं. चिकटपट्टीने कातडी लाल होते, खाज सुटते, दर दोन-तीन दिवसांनी सेट (पंपाची नळी आणि सुई) बदलायचा, जागा फिरवत राहायच्या, आणि एवढं करून एखाद दिवशी कॅन्युला, म्हणजे कातडीखालची बारीक नळी, आत वाकते.

कॅन्युला वाकली तर काय होतं तेही सांगतो कारण विकणारे हे हळूच सांगतात. पंपात फक्त जलद चालणारं इन्सुलिन असतं, पेनसारखं चोवीस तासांचं बेसल अंगात नसतं, त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांत रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं वाढायला लागतात. माझ्या बाबतीत एकदा झालं, झोपायच्या आधी सेट बदलला होता (ही चूक परत केली नाही, आता सेट फक्त दिवसा बदलतो), पहाटे शुगर ३८०, तोंड कोरडं, मळमळ, कीटोन पट्टी गडद. पेनने डोस घेतला, सेट बदलला, दुपारपर्यंत ठीक झालो. म्हणून पंप असला तरी पेन घरात आणि प्रवासात बरोबर पाहिजेच.

पण मला जे हवं होतं ते मिळालं का? हो. मला रात्र हवी होती. शुगर खाली जायला लागली की पंप स्वतः इन्सुलिन कमी करतो, थांबवतो, आणि मी झोपलेला असताना तो हे रात्रीतून कितीतरी वेळा करतो. माझा टाईम इन रेंज, म्हणजे शुगर ७० ते १८० मध्ये राहण्याचा वेळ, पेनवर असताना ५५ टक्क्यांच्या जवळ असायचा, आता ७३-७४ असतो. हे एका माणसाचं मोजमाप झालं, पण २०१९ मध्ये १६८ जणांवर सहा महिन्यांची जी चाचणी छापली गेली तिच्यातही सरासरी ६१ वरून ७१ टक्के झाली होती, म्हणजे रोज अडीच तासांच्या आसपास जास्त वेळ शुगर ठिकाणावर, आणि सगळ्यात जास्त फरक रात्री. बायकोचा मधरात्रीचा अलार्म गेल्या मार्चपासून बंद आहे. तिने तो बंद केला त्या रात्री मला सांगितलंही नव्हतं, सकाळी सहज बोलण्यात आलं. मला वाटतं माझ्यासाठी निकाल तिथे लागला, बाकी आकडे नंतर.

दुसरा फरक असा की पंपाचं काम मला रोज दिसतं. आलेख समोर असतो. चालत नसेल तर तासाभरात कळतं, डॉक्टरांना दाखवता येतं, सेटिंग बदलता येतं, अगदीच नाही पटलं तर काढून ठेवून दुसऱ्या दिवशी पेनवर परत जाता येतं. शरीरात सोडलेल्या सेल परत काढता येत नाहीत.

आता त्या खऱ्या दुसऱ्या प्रकाराबद्दल, आयलेट. याबद्दल मला मनापासून आशा आहे आणि म्हणूनच नीट लिहितो. याची सुरुवात स्टेम सेलपासून झालेली नाही. कॅनडात एडमंटनला २००० साली मेलेल्या दात्यांच्या स्वादुपिंडातून आयलेट काढून सात जणांना दिल्या आणि सातही जण इन्सुलिनशिवाय राहायला लागले. मग अनेक देशांत मिळून ३६ जणांवर तेच केलं, वर्षाने १६ जण इन्सुलिनशिवाय होते, दोन वर्षांनी त्यातले पाचच. एका पेशंटला बऱ्याचदा दोन-दोन दात्यांच्या पेशी लागायच्या आणि दाते मिळणार कुठून, हा अडथळा होताच. म्हणून लॅबमध्ये पेशी बनवायची धडपड. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी २०१४ मध्ये ते भरपूर प्रमाणात करून दाखवलं, त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलांना टाइप वन आहे, मुलाला तर तो सहा महिन्यांचा असतानाच झाला. एका बापाने वीस-बावीस वर्षं त्याच एका गोष्टीच्या मागे घालवली हे वाचून मला भरून आलं होतं.

त्याच कामातून पुढे जे आलं त्याचं नाव झिमिस्लेसेल. जून २०२५ मध्ये निकाल छापून आले. पूर्ण डोस एकदाच मिळालेले १२ जण, यकृतात जाणाऱ्या शिरेतून पेशी सोडलेल्या, वर्षानंतर १२ पैकी १० जणांना बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं, आणि बाराही जणांचं सी-पेप्टाइड, जे आधी सापडतच नव्हतं, ते परत आलं. बघा, इथे सी-पेप्टाइड मोजलेलं आहे. ज्यांना आपल्या कामावर विश्वास असतो ते ती टेस्ट टाळत नाहीत.

मग मी हे का घेत नाही? एकतर ते अजून अभ्यासातच आहे, मागेल त्याला मिळत नाही. पण उद्या मिळालं तरी मी थांबेन, आणि त्याचं कारण इम्युनिटी दाबणारी औषधं. दुसऱ्याच्या पेशी आहेत, वर टाइप वनमध्ये आपलं शरीर बीटा पेशींवर आधीच उठलेलं, त्यामुळे ती औषधं पेशी चालू असेपर्यंत घ्यावीच लागतात. टॅक्रोलिमससारखं औषध किडनीवर भार टाकतं, ज्या किडनीला डायबेटिसमुळे आपण आधीच जपत असतो. इन्फेक्शनची भीती कायमची. त्याच अभ्यासात एकूण १४ जणांत दोन मृत्यू झाले, डॉक्टरांच्या मते पेशींमुळे नाही, एकाचा आधीपासूनचा मेंदूचा आजार बळावला होता, पण दुसऱ्याच्या मेंदूच्या आवरणाला क्रिप्टोकॉकस बुरशीचं इन्फेक्शन झालं होतं, आणि असलं इन्फेक्शन सहसा इम्युनिटी दबलेल्या माणसालाच धरतं. मला आजच्या घडीला इन्सुलिन सोडून ती औषधं घेणं हा सौदा बरा वाटत नाही. कोणाला वाटू शकतो.

चीनमधल्या दोन केस सगळीकडे फिरतात त्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तियानजिनमधली २५ वर्षांची टाइप वनची मुलगी, तिच्याच शरीरातल्या पेशींपासून बनवलेल्या आयलेट पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवल्या, अडीच महिन्यांनी इन्सुलिन बंद. आणि शांघायचे ५९ वर्षांचे टाइप टूचे गृहस्थ, त्यांचं अकरा आठवड्यांत बंद झालं. दोन्ही खरं आहे, दोन्ही छापून आलंय. पण त्या मुलीचं आधी लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं होतं आणि त्या गृहस्थांचं किडनीचं. म्हणजे दोघंही इम्युनिटी दाबणारी औषधं आधीपासून घेतच होते. फॉरवर्डमध्ये हे कधी येत नाही, आणि आपल्यासारख्या ठरवायला बसलेल्या माणसासाठी सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे.

औषधांशिवाय करायचे प्रयत्न चालू आहेत. पेशी एका जाळीच्या पाकिटात बंद करून ठेवायचा एक प्रयोग मार्च २०२५ मध्ये थांबवला, पुरेसं सी-पेप्टाइड आलं नाही म्हणून. उप्सालामध्येच एका माणसाच्या हाताच्या स्नायूत जीनमध्ये बदल केलेल्या दात्याच्या पेशी ठेवल्या, इम्युनिटी दाबणारं एकही औषध न देता, आणि त्या टिकल्या, सी-पेप्टाइड दिसलं. डोस मुद्दाम कमी ठेवला होता त्यामुळे त्याचं इन्सुलिन चालूच आहे, एकच माणूस आहे, पण माझी नजर या दिशेला आहे.

मग कोणी काय घ्यावं? तुम्हाला शुगर लो झालेली कळतच नसेल, पंप आणि सेन्सर नीट वापरूनही बेशुद्ध पडण्याइतके हायपो होत असतील, तर तुमची गोष्ट माझ्यापेक्षा वेगळी आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये दात्याच्या आयलेटच्या उपचाराला मंजुरी मिळाली ती नेमकी अशाच लोकांसाठी, अभ्यासातल्या ३० पैकी २१ जण वर्षभर किंवा जास्त इन्सुलिनशिवाय राहिले. तसंच किडनी ट्रान्सप्लांट झालेलं असेल आणि औषधं चालूच असतील तर आयलेटबद्दल मोठ्या ट्रान्सप्लांट सेंटरला जरूर विचारा. रीतसर ट्रायलमध्ये नाव घालायचं असेल तर तेही चांगलंच, कोणीतरी पुढे झाल्याशिवाय हे पुढे जाणार नाही, फक्त ट्रायल नोंदवलेली आहे का, एथिक्स कमिटी आहे का, आधी-नंतर सी-पेप्टाइड करणार आहेत का आणि किती वर्षं मागोवा ठेवणार हे विचारा, आणि प्रयोगाच्या सेलचे पैसे तुमच्याकडून मागत असतील तर तिथेच थांबा, खऱ्या ट्रायलमध्ये सहसा ते मागत नाहीत.

टाइप टूवाल्यांचा प्रश्न मला खरं तर वेगळाच वाटतो. तिथे बहुतेकांच्या बीटा पेशी थकलेल्या असतात, संपलेल्या नसतात. २०१७ च्या डायरेक्ट नावाच्या ब्रिटिश चाचणीत वजन उतरवण्याच्या गटातले ४६ टक्के लोक वर्षभरात रिमिशनमध्ये गेले, म्हणजे औषधांशिवाय शुगर डायबेटिसच्या पातळीखाली राहिली, १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत ८६ टक्के. सहा वर्षांच्या आत निदान झालेले लोक होते ते. अजून तेवढा काळ झाला नसेल तर सेलच्या फॉर्मकडे वळण्याआधी तो रस्ता डॉक्टरांबरोबर बसून बघावा असं वाटतं.

बाकीच्या टाइप वनवाल्यांना, म्हणजे ज्यांना हायपो कळतात पण त्यांच्यामुळे रात्री नकोशा होतात, त्यांनी माझं विचाराल तर पंप-सेन्सर, आणि तो जमत नसेल तर नुसता सेन्सर आणि पेनसुद्धा चालेल. चुकत असेन तर सांगा, माझ्याहून वेगळा अनुभव असलेलेही असतील.

आणि कुठेही सही करायच्या आधी स्वतःची सी-पेप्टाइड करून घ्या. मी फॉर्म बाजूला ठेवल्यावर त्याच आठवड्यात केली होती. रिपोर्टवर आकडाच नव्हता, मशीन मोजू शकतं त्याच्याही खाली असं लिहून आलं. वाचून थोडं वाईट वाटलं, पंधरा वर्षांनी ते अपेक्षितच होतं तरी. तो कागद मी फाईलच्या अगदी वर लावून ठेवलाय, म्हणजे पुढेमागे खरंच काही करायची वेळ आली तर आधी काय होतं याचा पुरावा माझ्याकडे आहे.